दीर्घिकांची भेट आणि कृष्णविवराची जाग

मे महिन्याच्या मध्यास रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास इंदूरच्या आकाशात चित्रा दक्षिणोत्तर रेषेवर येते. जिच्यावरून आपल्या चैत्राला नाव मिळाले तीच ही निळसर झाक असलेली शुभ्र चित्रा. तिच्यापासून सरळ खाली, दक्षिण क्षितिजाच्या रोखाने दृष्टी उतरवीत नेली, म्हणजे सुमारे ३२ अंशांवर नरतुरंग तारकासमूहात एक जागा येते. नुसत्या डोळ्यांना तेथे काहीही दिसत नाही. परंतु शहराचे दिवे मागे टाकून सिमरोलच्या पुढे, किंवा उज्जैन जिल्ह्यात कर्कवृत्तावर वसलेल्या डोंगल्याच्या बाजूस एखाद्या अंधाऱ्या माळावर गेलो आणि साधी द्विनेत्री दुर्बीण त्या जागेकडे वळविली, तर एक धुरकट ठिपका दृष्टीस पडतो. पुणेकरांपेक्षा तो आपल्याला क्षितिजाच्या थोडा अधिक जवळ दिसतो एवढेच. पण दिसतो खास.

हा ठिपका म्हणजे एनजीसी ५१२८ नावाची दीर्घिका, आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर. १८२६ साली जेम्स डनलॉप याने ऑस्ट्रेलियातील पॅरामाटा येथून तिची नोंद केली. पुढे १९४९ साली त्याच देशातील रेडिओ-ज्योतिर्विदांनी आकाशातील एका प्रबळ रेडिओ-स्रोताचा पत्ता शोधत शोधत तिचेच दार गाठले. आपल्या डोळ्यांना रेडिओ लहरी दिसत्या, तर हा ठिपका आठ अंशांहून अधिक पसरलेला दिसता. पूर्णचंद्राच्या सोळा चकत्या ओळीने मांडाव्यात एवढा! या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी, दीर्घिकेच्या अगदी मध्यभागी, सूर्याच्या सुमारे साडेपाच कोटी पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर बसलेले आहे. ते जागे आहे. आणि ते जागे का, याचा पुरावा त्या दीर्घिकेच्या अंगावरच आहे. तिच्या छायाचित्रात पोटावरून आडवा गेलेला धुळीचा जाड काळा पट्टा दिसतो. तिच्यासारख्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या अंगावर असा पट्टा सहसा नसतो. तो तिचा नव्हेच. तिने पोटात घेतलेल्या एका शेजारणीचा तो अवशेष आहे.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आम्ही मराठीचे विद्यार्थी. विज्ञानाशी आमचा संबंध वाचनापुरता. पण शाळेत विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले, म्हणजे मुख्याध्यापकाने तास घ्यावा हा आमच्याकडील रिवाज. अशा तासांना आम्ही वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो, की कृष्णविवर म्हणजे विश्वातला बकासुर. जे जवळ असेल ते ओढून घेणारा, कधीही न धाला असा. एके दिवशी नववीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, आकाशगंगा के बीच में भी तो एक है, फिर हम अब तक बचे कैसे?" आम्हांस उत्तर आले नाही. 'पुढच्या तासाला सांगतो' म्हणून आम्ही वेळ मारून नेली, आणि मग खरोखरीच वाचावयास बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की बकासुराची उपमा मुळातच खोटी होती. उद्या सूर्याच्या जागी सूर्याइतक्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वीवर अंधार होईल, थंडी पडेल, पण पृथ्वी आपल्या कक्षेतून तिळभरही ढळणार नाही. दुरून पाहता कृष्णविवराचे आकर्षण इतर कोणत्याही तेवढ्या वस्तुमानाच्या गोलासारखेच. आमच्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वस्तुमानाचे आहे, पण ते बुधाच्या कक्षेतही सहज मावेल इतके लहान, आणि आपल्यापासून सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे दूर. धनु राशीत, मूळ नक्षत्राच्या बाजूस त्याचे स्थान. १२ मे २०२२ रोजी त्याचे पहिले छायाचित्र जगापुढे आले, तेव्हा त्याच्या भोवतीचे तेजाचे कडे सर्वांनी पाहिले. पण तेज असले तरी ते मिणमिणते. आपले कृष्णविवर जवळजवळ उपाशी आहे, निजलेले आहे.

शब्दांचा व्यवसाय करणाऱ्यास येथे क्षणभर थांबण्याचा मोह होतो. 'विवर' म्हणजे बीळ. त्यातून बाहेर काही यावे ही अपेक्षाच नाही. तरीही विश्वातील सर्वांत तेजस्वी वस्तू ज्या, त्यांच्या पोटात हीच विवरे सापडली. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचे अंतर काढले (हाही आपल्या चित्रेच्याच कन्या राशीत) आणि तो २०० कोटी प्रकाशवर्षांच्याही पलीकडे असून शेकडो दीर्घिकांइतका उजळ आहे, असे आढळून आले. हाच पहिला ओळखला गेलेला क्वेसार. एवढे तेज एवढ्याशा जागेतून येते कसे, याचे उत्तर १९६९ साली डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी दिले : विवरात पडणाऱ्या द्रव्यातून. तारा जेव्हा हायड्रोजनचे हेलियम करतो तेव्हा हजार किलो द्रव्यातील अवघ्या सात किलोंची ऊर्जा होते. कृष्णविवराच्या काठावर तेवढ्याच द्रव्यातून सुमारे शंभर किलोंची होऊ शकते. आपल्या आजीच्या जात्याची आठवण व्हावी. दाणा मधल्या तोंडात पडतो, पाळी घर्षणाने तापते, आणि पीठ मात्र चहूकडून बाहेर येते. विवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीचे असेच आहे. ती तापून उजळते, आणि पडणाऱ्या द्रव्यातील बराच भाग आत न जाता बाहेर फेकला जातो. कधी वाऱ्यासारखा, तर कधी दोन्ही बाजूंनी सुटणाऱ्या अतिवेगवान झोतांच्या रूपाने.

मराठी घरांत 'कृष्णविवर' हा शब्द रुजला त्यात जयंत नारळीकरांचा वाटा मोठा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेल्या कथेचे नाव हेच होते, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. कोल्हापुरात जन्मलेले, पण काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरात वाढलेले नारळीकर हे आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांना नेहमीच घरचे वाटत आले. २० मे २०२५ रोजी ते गेले. गंमत अशी, की दीर्घिकांच्या केंद्रांविषयी त्यांचे मत रूढ मतापेक्षा निराळे होते. १९९३ साली फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासमवेत त्यांनी जी उपपत्ती मांडली तीत या केंद्रांजवळ द्रव्य आत पडण्याऐवजी नव्याने निर्माण होऊन बाहेर पडते असे होते. बहुतेक शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. तथापि प्रवाहाविरुद्ध पोहण्याची त्यांची हिंमत आम्हांस नेहमीच आदरणीय वाटली.

तर मग प्रश्न असा उरतो, की बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात कृष्णविवर आहे, वायूही आसपास आहे, तरी त्यांतील बहुतेक निजलेली का? दाणा जात्याच्या तोंडी का पडत नाही? उत्तर फुगडीत आहे. फुगडी खेळणाऱ्या दोन मुली एकमेकींकडे ओढल्या जात असतात, पण गिरकीच्या जोरावर एकमेकींवर आदळत नाहीत. दीर्घिकेतला वायू असाच केंद्राभोवती गिरक्या घेत असतो. आत पडावयाचे तर त्याला आपली गिरकी, ज्याला शास्त्रज्ञ कोनीय संवेग म्हणतात ती, जवळजवळ सगळीच गमवावी लागते. हजारो प्रकाशवर्षांच्या वर्तुळातून बुधाच्या कक्षेएवढ्या जागेत येणे म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आपण होऊन हे क्वचितच घडते. कोणीतरी येऊन फुगडी मोडावी लागते.

ती मोडण्याचे काम शेजारीण दीर्घिका करते. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूस अधिक आणि दूरच्या बाजूस कमी ओढतो म्हणून समुद्राला भरती येते, हे आपण शाळेत शिकतो. दोन दीर्घिका जवळून गेल्या, की एकमेकींच्या अंगी अशीच भरती उठवितात. मात्र येथे पाण्याऐवजी अब्जावधी तारे उचलले जातात. १९७२ साली अलार आणि युरी टूम्रे या बंधूंनी संगणकावर हे गणित मांडून दाखविले. दुर्बिणीतून दिसणारे विचित्र पूल आणि लांबलचक शेपट्या या केवळ अशा भेटींच्या खुणा होत, असे त्यावरून स्पष्ट झाले. अशा भेटीत तारे एकमेकांवर आदळत नाहीत. त्यांच्यामधील अंतरे फारच मोठी. वायूचे ढग मात्र एकमेकांत घुसतात, दबतात. भरतीने दीर्घिकेचा आकार एका बाजूस ओढला गेला, की ताऱ्यांचा तो वेडावाकडा आकारच वायूची गिरकी मागे खेचू लागतो. वायू केंद्राकडे घसरतो, वाटेत नवे तारे धडाक्याने जन्मतात, आणि उरलेसुरले विवराच्या तोंडी जाते. विवर जागे होते.

येथपर्यंतची कथा ऐकावयास गोड आहे, आणि आम्हीही ती वर्गात सांगून मोकळे झालो असतो. पण पुढे वाचू लागलो तो शास्त्रज्ञांतच तंटा! २०११ साली सारा एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो दीर्घिकांच्या जोड्या तपासल्या. अगदी जवळ आलेल्या जोड्यांत जाग्या केंद्रांचे प्रमाण एकट्या दीर्घिकांच्या अडीच पटींपर्यंत वाढलेले आढळले. त्याच वर्षी मॉरिसिओ सिस्टर्नास यांच्या चमूने उलट दिशेने चौकशी केली. त्यांनी हबल दुर्बिणीने घेतलेली जाग्या केंद्रांच्या दीर्घिकांची चित्रे पाहिली, आणि त्यांपैकी शंभरांतल्या पंच्याऐंशींहून अधिक दीर्घिका शांत, न विस्कटलेल्या निघाल्या. त्यात भर अशी, की ज्या चपट्या सर्पिल दीर्घिकांना मधला फुगवटाच नाही, म्हणजे ज्यांच्या आयुष्यात मोठी टक्कर कधी झालीच नसावी, अशांच्याही पोटात जागी विवरे सापडली आहेत.

दोन्ही बाजू खऱ्या कशा? एक कारण काळाचे. दोन दीर्घिका एकमेकींत पुरत्या मिसळावयास शंभर कोटी वर्षे लागू शकतात. विवराची जाग मात्र त्या मानाने क्षणिक, लाखभर वर्षांत लुकलुकून जाणारी. लग्नघराच्या दारातून एकदाच डोकावलेल्या वाटसरूस चूल विझलेली दिसली, म्हणून त्या घरी स्वयंपाक झालाच नाही असे कोण म्हणेल? आपली दुर्बीण त्या वाटसरूसारखी एकदाच डोकावते. दुसरे कारण धुळीचे. भेटीच्या ऐन भरात केंद्राभोवती एवढी धूळ जमते, की आतला दिवा झाकला जातो आणि तो केवळ अवरक्त किरणांनाच दिसतो. आणि तिसरे, जे आम्हांस सर्वांत पटते, ते असे की थोडक्या तेजाला थोडकाच दाणा पुरतो. तो दीर्घिकेच्या मधल्या दांड्यासारख्या रचनेमुळे किंवा एखाद्या बारक्या उपदीर्घिकेमुळेही मिळू शकतो. त्यासाठी मोठ्या शेजारणीची गरज नाही. अतिशय प्रखर केंद्रांची गोष्ट वेगळी. २०२३ साली अवकाशात गेलेल्या युरोपच्या युक्लिड दुर्बिणीची पहिली चित्रे २०२५ साली तपासली गेली, तेव्हाही एकमेकींत मिसळणाऱ्या दीर्घिकांत जाग्या केंद्रांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले, आणि सर्वांत प्रखर केंद्रांच्या बाबतीत तर दीर्घिकांची भेट हेच प्रमुख कारण असावे असे दिसले.

आता थोडे घराजवळ येऊ. नाशिक-पुणे रस्त्याने प्रवास करणाऱ्या आमच्या वाचकांनी नारायणगाव पाहिलेच असेल. तमाशाच्या फडांमुळे गाजलेल्या या गावापासून जवळच खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. पत्र्याच्या नव्हेत, तर तारांच्या जाळीच्या, म्हणून वाऱ्याला वाट देणाऱ्या आणि खर्चाला हलक्या. या दुर्बिणीच्या साहाय्याने मुंबईचे आनंद होता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली एक अपूर्व दृश्य जगापुढे ठेवले. सुमारे शंभर कोटी प्रकाशवर्षांवरील रॅड१२ ही दीर्घिका आपल्या शेजारणीत मिसळू पाहते आहे. तिचे विवर जागे आहे. आणि त्यातून निघालेला झोत थेट त्या शेजारणीवर जाऊन आदळतो आहे! झोताचा देठ निमुळता, आणि पुढे शेजारणीपाशी अडून तो अळंब्याच्या छत्रीसारखा पसरलेला. हा सारा पसारा ४ लाख ४० हजार प्रकाशवर्षे लांबीचा, म्हणजे दीर्घिकेच्या दिसणाऱ्या अंगापेक्षा कितीतरी मोठा. विवराचे झोत एरवी जोडीने, परस्परविरुद्ध दिशांना सुटतात. येथे दुसरा झोत दिसतच नाही. का, ते अजून कोडेच आहे.

या शोधाची दुसरी बाजू आम्हां शिक्षकांना अधिक मोलाची वाटते. होता यांनी २०१३ साली 'रॅड अ‍ॅट होम' नावाचा उपक्रम सुरू केला. विज्ञान वा अभियांत्रिकी शिकलेल्या सामान्य नागरिकांना रेडिओ आणि दृश्य प्रकाशातील चित्रे निरनिराळ्या रंगांत एकावर एक ठेवून पाहावयास शिकवावे, आणि जे नेहमीपेक्षा निराळे दिसेल ते हेरावे, असा तो उपक्रम. रॅड१२ हे नाव त्यावरूनच पडले. पीएच.डी. नसलेल्या, कोणत्याही वेधशाळेत नोकरी नसलेल्या माणसाच्या डोळ्यांचाही उपयोग होतो, हे आमच्या मुलांना सांगताना आम्हांस फार समाधान होते. इंदूरच्या मुलांना तर दूर जाण्याचेही कारण नाही. खंडवा रस्त्यावर सिमरोल येथील आय.आय.टी.त ज्योतिर्विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. तेथील अमित शुक्ल यांनी जर्मनीतील कार्ल मानहाइम यांच्यासह २०२० साली ३सी २७९ या क्वेसारच्या झोतात मिनिटांत भडकून विझणाऱ्या गॅमा किरणांचा उलगडा मांडला. हा क्वेसारही कन्या राशीतच!

दोन दीर्घिका मिसळल्या तर त्यांच्या दोन विवरांचे काय होते, हेही सांगितले पाहिजे. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतील ज्योती यादव, मौसमी दास आणि सुधांशु बर्वे हे एनजीसी ७७३३ आणि ७७३४ ही जोडी अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील दुर्बिणीच्या साहाय्याने अभ्यासीत होते. त्या जोडीत दिसणारा एक तेजस्वी पुंजका निराळ्याच वेगाने जात असल्याचे त्यांना आढळले. ती तिसरी, स्वतंत्र दीर्घिका निघाली. तिन्हींच्या केंद्रांत जागी विवरे! हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. अशी विवरे ताऱ्यांना दूर भिरकावीत एकमेकांच्या जवळ येत जातात, पण सुमारे तीन प्रकाशवर्षांच्या अंतरावर आली म्हणजे भिरकावण्यास तारेच उरत नाहीत आणि जवळीक थांबते, असे गणित सांगते. तिसरे विवर असेल, तर ते त्या दोघांना पुढे ढकलू शकते. दोन प्रचंड विवरे एकमेकांभोवती फिरू लागली, की अवकाशात अतिमंद गुरुत्वीय लहरी उठतात; एकेका लहरीस वर्षानुवर्षे लागावीत इतक्या मंद. पल्सार ताऱ्यांच्या घड्याळासारख्या नियमित ठोक्यांतील सूक्ष्म चुका मोजून अशा लहरींची चाहूल लागल्याचे २९ जून २०२३ रोजी जाहीर झाले. त्यात युरोपीय शास्त्रज्ञांच्या जोडीला भारतीय गटही होता. वेध खोडदच्या दुर्बिणीचे होते, आणि गटात आपल्या भोपाळची आयसर संस्थाही होती.

हे सारे टिपून घेऊन आम्ही पुन्हा त्या नववीच्या वर्गात गेलो. आपण आजवर बचावलो, कारण आपले विवर निजलेले आहे आणि आपण त्याच्यापासून फार दूर आहोत, हे सांगितले. ते सदाच निजलेले होते असे नाही, हेही सांगितले. आकाशगंगेच्या केंद्राच्या वर आणि खाली सुमारे पंचवीस-पंचवीस हजार प्रकाशवर्षे फुगलेले गॅमा किरणांचे दोन बुडबुडे २०१० साली सापडले, आणि काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या जागेपणाची ती खूण असावी असे अनेकांचे मत आहे. मग देवयानीचा विषय निघाला. कार्तिकाच्या रात्री डोक्याजवळ दिसणारी ही मोठी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर असून सेकंदाला ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे. ती चारपाचशे कोटी वर्षांत आपल्यावर आदळणार, असे बरीच वर्षे छातीठोकपणे छापले जात होते. परंतु २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या गणितात आजूबाजूच्या लहानमोठ्या दीर्घिकांची ओढही धरली, तेव्हा पुढील हजार कोटी वर्षांत ही भेट होण्याचा संभव जेमतेम पन्नास टक्के निघाला.

तो मुलगा मागल्या बाकावर बसला होता. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मतलब सर, जागेगा या नहीं, यह आधा-आधा है?"

आम्ही म्हणालो, होय. आजच्या घडीला तेवढेच सांगता येते.